पत्र्याचा बेडूक आणि कुत्र्याचें शिक्षण

तीन वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत व्याकरणाचा तास चालू असतां मागल्या बांकावरून 'टक्-टक्' असा आवाज येऊं लागला. शोध करतां एका विद्यार्थ्याच्या मुठींत, जत्रेंत मिळतो तसा, पत्र्याचा हिरवा बेडूक सांपडला. त्याच्या पोटाशीं एक लवचिक पट्टी असते; ती अंगठ्यानें दाबली कीं 'टक्' असें वाजतें, व सोडली कीं पुन्हां वाजतें. आम्हीं तो बेडूक जप्त करून मेजाच्या खणांत टाकला आणि वर्षअखेर परत देऊं असें त्या मुलास सांगितलें. तें वचन आम्हीं वेळेवर पाळलें नाहीं, कारण मध्यंतरीं त्या बेडकाची आम्हांसच गरज लागली. ती कशी लागली, आणि एवढ्याशा आवाजाच्या आधारावर प्राण्यांस शिकविण्याची एक संपूर्ण पद्धति कशी उभी राहिली, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

आमच्या घरीं टिप्या नांवाचा एक गांवठी कुत्रा आहे. पिल्लू असतांना एका पावसाळ्यांत तो शाळेच्या व्हरांड्यांत येऊन राहिला, आणि पुढें आमच्या बिऱ्हाडीं आला. आमचें बिऱ्हाड शाळेच्या आवारांतच असून आवाराचें फाटक हमरस्त्यावर उघडतें. तेथून एस. टी.च्या गाड्या, मालमोटारी व हंगामांत उसाचे ट्रॅक्टर सारखे जात असतात. फाटक उघडें दिसलें कीं टिप्या बाणासारखा रस्त्यावर जाई, आणि कितीहि हांका मारल्या तरी ढुंकून पाहत नसे. एके दिवशीं तो एका मालमोटारीखालीं येतां येतां वांचला. पाव तासानें तो आपण होऊन परत आला, शेपूट हालवीत आमच्या पायांशीं बसला, आणि आम्हीं भीतीनें व संतापानें त्याला चपलेचे दोन तडाखे दिले.

आमच्या समजुतीप्रमाणें ती शिक्षा रस्त्यावर पळाल्याबद्दल होती. टिप्याच्या समजुतीप्रमाणें ती परत आल्याबद्दल होती. दुसऱ्या दिवसापासून हांक मारली कीं तो दहा पावलांवर उभा राही, कान मागें पाडी, व जवळ म्हणून येत नसे. पळण्याची खोड मात्र होती तशीच राहिली. म्हणजे दोन तडाख्यांनीं आम्हीं त्यास जें शिकविलें, तें आम्हांस नेमकें नको असलेलें होतें. आणि तें तो एका खेपेंत शिकला, ही गोष्ट आमच्या अध्यापनाच्या अनुभवांत विरळाच.

कुत्र्यास 'मघां तूं असें केलेंस म्हणून आतां हें' असें सांगतां येत नाहीं. जें घडत असतें त्याच क्षणाशीं तो सुखाची वा दुःखाची गांठ बांधतो. मग त्यास शिकविणाऱ्यापुढें खरी अडचण ही कीं, तो नेमका क्षण त्यास दाखवावा कसा? कुत्रा बसला, आपण शाबासकी म्हणून खिशांत हात घातला, पोळीचा तुकडा काढला, पुढें केला. तेवढ्यांत दोनतीन सेकंद गेले, आणि कुत्रा केव्हांच उठून आपल्या हाताचा वास घेऊं लागला आहे. तुकडा त्यास मिळाला तो उठल्याबद्दल. या दोनतीन सेकंदांवर पूल बांधण्याचें काम तो 'टक्' असा आवाज करतो.

या विषयाचें शास्त्र फार जुनें नाहीं. रशियन शास्त्रज्ञ पावलाव यांचें नांव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ऐकलें असेल. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें; त्या संशोधनाच्या ओघांतच त्यांस असें दिसून आलें कीं, अन्नापूर्वीं एखादा ठराविक इशारा पुन्हां पुन्हां दिला तर पुढें नुसत्या इशाऱ्यानेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. १८९८ सालीं अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं मांजरांस पेटाऱ्यांत कोंडून पाहिलें. ज्या हालचालीनें पेटाऱ्याचें दार उघडून मासळीचा तुकडा मिळे, ती हालचाल मांजर पुढच्या खेपांत अधिकाधिक लवकर करी. हाच धागा पुढें स्किनर यांनीं धरला. १९३८ सालीं त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या पेटींतील उंदरानें दांडी दाबली कीं अन्नाची गोळी पडे. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, गोळी सोडणाऱ्या यंत्राचा खटका वाजतांच उंदीर ताटलीकडे धांवे. त्याला गोळी दिसण्यापूर्वींच 'आपलें काम झालें' हें त्या खटक्यानें कळत असे.

दुसऱ्या महायुद्धांत स्किनर व त्यांचे साहाय्यक मिनियापोलिस शहरांतील एका पिठाच्या कंपनीच्या इमारतींत कबुतरांस, चोंचीनें टोंचे मारून बाँबगोळ्याची दिशा सांभाळण्याचें शिक्षण देत होते. ती योजना युद्धांत कधींच वापरली गेली नाहीं, व आम्हांस त्याबद्दल मुळींच खेद वाटत नाहीं. परंतु १९४३ सालीं त्याच इमारतींत, रिकाम्या वेळीं, त्यांनीं एका कबुतरास लांकडी चेंडू चोंचीनें ढकलण्यास शिकविलें. कबुतर चेंडू आपण होऊन ढकलील म्हणून ते वाट पाहत बसले, पण तें घडेना. तेव्हां त्यानें चेंडूकडे नुसतें पाहिलें तरी दाणे द्यावे, मग चोंच जवळ नेली तर द्यावे, मग स्पर्श केला तर, असा क्रम त्यांनीं धरला. थोड्याच मिनिटांत कबुतर चेंडू भिंतीवर आपटूं लागलें. प्राण्यास जी गोष्ट येत नाहीं तिची वाट न पाहतां, जी येते तिच्यापासून लहान लहान पायऱ्यांनीं चढत जाणें, हें त्या दिवशीं त्यांच्या ध्यानांत आलें.

त्या साहाय्यकांपैकीं केलर ब्रेलंड व त्यांच्या पत्नी मॅरियन यांनीं विद्यापीठ सोडून हाच धंदा पत्करला. पुढें आर्कान्सा राज्यांत हॉट स्प्रिंग्स येथें त्यांचें ठाणें होतें. नाचणारी कोंबडी, टोपलींत चेंडू टाकणारें रॅकून, असे शंभराहून अधिक जातींचे प्राणी त्यांच्या हाताखालून गेले. वर्तन आणि खाऊ यांमध्यें आवाजाचा पूल टाकण्याची युक्ति त्यांनीं व्यवहारांत रुळविली. १९५१ च्या डिसेंबरांत स्किनर यांनीं एका अमेरिकन विज्ञानमासिकांत सामान्य वाचकांसाठीं लेख लिहिला, व घरच्या कुत्र्यास शिकविण्यासाठीं मुलांचें टक्-टक् वाजणारें खेळणें वापरावें असें सुचविलें. आमच्या विद्यार्थ्याचा हिरवा बेडूक त्याच घराण्यांतला. याच जातीचें पितळी खेळणें १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडींत रात्रीं विमानांतून उतरलेल्या अमेरिकन सैनिकांजवळहि होतें; अंधारांत एका 'टक्'ला दोन 'टक्'चें उत्तर आलें तर समोरचा आपला, अशी त्यांची खूण होती.

तरी कुत्रे शिकविणारांनीं ही रीति लगेच उचलली नाहीं. गळपट्ट्यास हिसका देऊन शिकविण्याची जुनी चाल चालूच राहिली. वळण मिळालें तें समुद्राकडून. हवाई बेटांवरील एका सागरी उद्यानांत १९६० नंतरच्या दशकांत करेन प्रायर ह्या डॉल्फिनांस शिकवीत. डॉल्फिनास साखळी बांधतां येत नाहीं, चपलेनें मारतां येत नाहीं. आपण रागावलों तर तो पाण्याखालीं निघून जातो आणि विषय संपतो. म्हणून तेथें शिटी व मासा यांवरच सारें काम चाले. त्यांचें या विषयावरील पुस्तक १९८४ सालीं निघालें, आणि १९९० नंतर ही पद्धति श्वानपालकांमध्यें झपाट्यानें पसरली. आतां प्लास्टिकच्या लहान डबींत पोलादी पट्टी बसविलेलें साधन मिळतें. त्यास क्लिकर म्हणतात. तें नसल्यास बोलपेनाचा खटकाहि चालतो.

आम्हीं कसें शिकविलें तें आतां सांगतों. प्रथम कांहींच शिकवावयाचें नसतें. बेडूक वाजवावा आणि लागलाच खाऊ द्यावा. पुन्हां वाजवावा, पुन्हां द्यावा. असें दहापंधरा वेळां, दिवसांतून दोनदां. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढाच असावा: उकडलेल्या कोंबडीचा धागा, पनीरचा कण, पोळीचा कपटा. तेवढा त्याच्या रोजच्या जेवणांतून वजा करावा. मनुका, द्राक्षें, कांदा व चॉकलेट कुत्र्यास कधींच देऊं नये. तीं त्यास विषासमान आहेत. टिप्या पहिल्या आवाजास दचकून खाटेखालीं गेला. तेव्हां बेडूक हातरुमालांत गुंडाळून वाजविला, मग तो येऊं लागला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं 'टक्' होतांच त्यानें मान वळवून आमच्या हाताकडे पाहिलें. म्हणजे आवाजाचा अर्थ त्यास कळला.

मग 'बस' ही आज्ञा घेतली. आज्ञा म्हटलें खरें, पण शब्द शेवटीं यावयाचा असतो. कुत्रा दिवसांतून अनेकदां आपण होऊन बसतोच. तो बसण्याच्या क्षणीं बेडूक वाजवावा व खाऊ द्यावा. थोड्या वेळानें तो मुद्दाम येऊन समोर बसूं लागतो. जणूं आपणच त्याचें यंत्र आहों आणि तो दांडी दाबीत आहे. तो आतां बसणार हें खात्रीनें सांगतां येऊं लागलें म्हणजे मग तोंडानें 'बस' म्हणावें. ज्यास कृति ठाऊक नाहीं त्याच्यापुढें दहा वेळां शब्द ओरडण्यानें शब्दाचीच किंमत जाते. हें वाक्य लिहितांना आमचे व्याकरणाचे तास आम्हांस आठवतात.

येथेंच आमची पहिली फजिती झाली. आठवडाभर शिकविल्यावर टिप्या बसे आणि लगेच ताडकन उठे; बसे, उठे. आम्हीं त्यास चंचल ठरविलें. आमची धाकटी कन्या तेव्हां सहावींत होती. ती दाराशीं उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "पपा, टिप्याचं काही चुकत नाही. तुमचा बेडूक उशिरा बोलतो." पाहतों तों खरोखरच टिप्या उठूं लागल्यावर आमचा अंगठा दाबला जात होता. 'बसून उठणें' हाच धडा आम्हीं त्यास आठवडाभर घालून दिला होता आणि त्यानें तो बिनचूक पाठ केला होता. ती मुलगी शाळेच्या लेझीम पथकांत ढोल वाजविते. ठेका तिच्या हातांत आहे. तिनें बेडूक घेतला व एका संध्याकाळींच तें दुरुस्त केलें. त्यानंतर कुत्र्याविना नुसता सराव आम्हीं केला. कन्येनें चेंडू खालीं टाकावा आणि तो जमिनीस लागतांच आम्हीं बेडूक वाजवावा. दोनतीन दिवस आमचा बेडूक चेंडूच्या मागेंच राहिला.

दुसरी फजिती याहून महत्त्वाची. सुट्टींत घरीं पाहुणीं मुलें आलीं व दिवसभर तीं बेडूक वाजवीत बसलीं. टिप्या पहिल्या प्रत्येक आवाजास धांवत आला. मग चालत आला. मग नुसता पाहूं लागला. संध्याकाळपर्यंत त्यानें कान हालविणेंहि सोडलें. आवाजास जी किंमत होती ती त्याच्यामागें येणाऱ्या खाऊमुळें होती. म्हणूनच नियम असा आहे कीं, चुकून वाजला तरी खाऊ द्यावयाचा. हात चुकला तर तो आपला दोष. कुत्र्याशीं केलेलें वचन मोडावयाचें नाहीं. धडा पक्का झाल्यावर प्रत्येक खेपेस बेडूक वाजविण्याची गरज उरत नाहीं; कधीं खाऊ, कधीं थाप, कधीं नुसता शब्द पुरतो. परंतु बेडूक वाजला कीं देणें आलें. पाहुणे गेल्यावर आम्हांस पुन्हां पहिल्या दिवसापासून आरंभ करावा लागला, आणि बेडूक कपाटांत कुलुपांत गेला.

याच रीतीचें एक उदाहरण सांगितल्याविना पुढें जाववत नाहीं. आफ्रिकेंत टांझानिया देशीं एक संस्था मोठ्या जातीच्या उंदरांस, जमिनींत पुरलेल्या सुरुंगांचा वास ओळखण्यास, अशाच खटक्याच्या आवाजानें व केळ्याशेंगदाण्याच्या खाऊनें शिकविते. उंदीर हलका असल्यामुळें त्याच्या वजनानें सुरुंग उडत नाहीं. मगावा नांवाच्या तेथील एका उंदरानें कंबोडियांत शंभरांवर सुरुंग व न फुटलेले बाँबगोळे शोधून दिले. २०२० सालीं त्यास एका ब्रिटिश प्राणिसंस्थेनें सुवर्णपदक दिलें, व २०२२ च्या जानेवारींत वार्धक्यानें तो मेला. ज्या शेतांत मुलें पाय टाकण्यास भीत होतीं तीं त्याच्यामुळें नांगरतां येऊं लागलीं.

या पद्धतीनें प्राण्याकडून हवें तें करवितां येतें, असें मात्र कोणी समजूं नये. खुद्द ब्रेलंड पतिपत्नींनीं १९६१ सालीं आपल्या अपयशांवर एक लेख लिहिला. त्यांनीं एका डुकरास लांकडी नाणीं उचलून पेटींत टाकण्यास शिकविलें होतें. आरंभीं डुक्कर उत्साहानें काम करी. पण कांहीं आठवड्यांनीं तो नाणें वाटेंतच टाकी, मुस्कटानें उकरी, उडवी, पुन्हां उकरी. रॅकून तर नाणीं सोडीचना. एकमेकांवर घाशीत बसे. खाऊ बुडाला तरी त्या प्राण्यांची मूळ प्रकृति वर येई. परमेश्वरानें प्रत्येक प्राण्यास जो स्वभाव दिला आहे त्यास शिक्षकानें ओळखून असावें, हें कबूल करण्यास त्या अनुभवी जोडप्यास लाज वाटली नाहीं. तसेंच, त्या आवाजांत कांहीं जादू आहे असेंहि नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन प्रयोगांत, खटका, तोंडचा शब्द व नुसता खाऊ अशा तीन रीतींनीं शिकविलेल्या कुत्र्यांत फारसा फरक आढळला नाहीं. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. तेथें शिकविणारे लोक जाणते होते. आमच्यासारख्या उतावळ्या माणसास बेडकाचा उपयोग असा कीं, त्याच्या आवाजांत राग येत नाहीं, कंटाळा येत नाहीं, आणि आपली चूक आपल्याच कानांस ऐकूं येते.

गेल्या वर्षीं एका रिकाम्या तासास आम्हीं वर्गांत एक खेळ घेतला. एक विद्यार्थी बाहेर गेला. इतरांनीं ठरविलें कीं त्यानें फळ्यावरील डस्टर उचलून खिडकींत ठेवावें. तो आंत आला. कोणी बोलावयाचें नाहीं. तो योग्य दिशेस वळला तरच बेडूक वाजावयाचा. चार मिनिटांत काम झालें. मग दुसऱ्या मुलाच्या वेळीं उलट केलें: तो चुकला कीं सर्वांनीं 'नाही' म्हणावयाचें, बाकी कांहीं नाहीं. तो मुलगा आमच्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकीं आहे. थोड्या वेळानें तो वर्गाच्या मध्यभागीं हात बांधून उभा राहिला आणि हालेना. टिप्या दहा पावलांवर उभा राही, तसाच.

पालकसभेंत ही हकीकत सांगितली तेव्हां एका गृहस्थांनीं विचारलें, "सर, मग पोरांनाही असाच बेडूक वाजवायचा काय?" सभा हंसली, पण प्रश्न रास्त होता. मुलास भाषा आहे, कारण सांगतां येतें, क्षमा मागतां व करतां येते; त्यास दाण्यावर वाढवावयाचें नाहीं. आमच्या लहानपणीं वर्गांत छडी होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ती मना केली आहे. घरांत मात्र ती पुष्कळदां उरली आहे. आम्हीं त्या गृहस्थांस इतकेंच विचारलें कीं, उशीरां घरीं आलेला मुलगा दारांत पाऊल टाकतो त्या क्षणीं त्यास काय मिळतें? ते कांहीं बोलले नाहींत. आम्हांसहि आमची चप्पल आठवत होती.

विद्यार्थ्यांस एक सूचना. हें शिक्षण आपल्या घरच्या, लस टोंचलेल्या कुत्र्यासच द्यावें. रस्त्यावरील अनोळखी कुत्र्याजवळ बेडूक घेऊन जाऊं नये. कुत्रा चावला वा त्याच्या दातांनीं ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, घरीं सांगावें, आणि त्याच दिवशीं इस्पितळांत जाऊन लस घ्यावी. माराच्या भीतीनें हें घरापासून लपविणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत.

टिप्यास 'ये' शिकविण्यास आम्हांस अडीच महिने लागले. आधीं खोलींत, नांव घेतांच त्यानें मान वळविली तरी 'टक्'. मग दोन पावलें. मग अंगणांत, लांब दोरी बांधून. मग बंद फाटकाजवळ, मग उघड्या फाटकाजवळ, दोरी असतांनाच. आला कीं कधींहि रागावयाचें नाहीं, बांधून घालावयाचें नाहीं, आंघोळहि घालावयाची नाहीं. पहिले तीन आठवडे तो दहा पावलांच्या आंत आला नाहीं. नऊवर आला तेव्हां आम्हीं बेडूक वाजवून खाऊ त्याच्यापुढें टाकला. त्या नऊव्या पावलाचा आनंद आम्हांस परीक्षेच्या निकालापेक्षां कमी झाला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत दूधवाल्यानें फाटक उघडें टाकलें. आम्ही व्हरांड्यांत वह्या तपाशीत होतों. टिप्या सुटला तो रस्त्याच्या मधोमध गेला, आणि वळणावर एस. टी. दिसली. आम्हीं 'टिप्या, ये' अशी एकच हांक मारली. तो थबकला, वळला, व धांवत आला. बेडूक कपाटांत होता, खिशांत कांहीं नव्हतें. आम्हीं जिभेनेंच 'टक्' केलें. त्यानें आमच्या हाताकडे पाहिलें. तेव्हां तसेच ओल्या पायांनीं स्वयंपाकघरांत गेलों आणि न्याहारीसाठीं उकडून ठेवलेलें अंडें त्यास दिलें. कुटुंबाच्या मंडळींनीं त्या दिवशीं कांहीं म्हटलें नाहीं.

बेडकाचा मालक यंदा दहावी उत्तीर्ण झाला. दाखला नेण्यास आला तेव्हां आम्हीं दोन वर्षें उशीरां त्याची वस्तु त्यास परत दिली. त्यानें ती दोनदां वाजवून पाहिली आणि म्हणाला, "सर, पट्टी सैल झालीय." खिडकीबाहेर टिप्या कान टवकारून उभा होता. त्या मुलाच्या डब्यांत पोळी होती. ती त्यास द्यावी लागली.